रोग येण्यापूर्वीचा वैद्य : वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र

देवळाच्या पायरीशी ज्याचे बालपण गेले, त्यास नवस फेडण्यास येणाऱ्या मंडळींचे चेहरे दुरूनच ओळखता येतात. मूल तापातून उठले म्हणून कोणी पेढे घेऊन येतो, आईची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली म्हणून कोणी अभिषेक सांगतो. वडिलांच्या हाताशी ताम्हन-पळी पुढे करीत आम्ही असे कितीतरी नवस फिटताना पाहिले आहेत. परंतु जो रोग घरात आलाच नाही, त्याबद्दल नारळ वाढविण्यास आलेला मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही. यात कोणास दोष द्यावा असेही नाही. डोळ्यांसमोरचे संकट टळले की मन भरून येते. जे संकट दाराबाहेरूनच परत गेले, त्याची मनास वार्ताही नसते.

आपल्या आयुर्वेदाने वैद्यशास्त्राचे प्रयोजन सांगताना निरोग्याच्या आरोग्याचे रक्षण प्रथम सांगितले आहे आणि रोग्याचा रोग दूर करणे त्यानंतर. व्यवहारात मात्र हा क्रम नेहमी उलटा होतो. रोग बरा करणाऱ्या वैद्याचे नाव तीन पिढ्या घेतले जाते. रोग होऊ न देणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नसते. इतकेच नव्हे, तर पहिल्याच्या हातून दहा रोगी दगावले तरी दैवाकडे बोट दाखविले जाते, आणि दुसऱ्याच्या हातून एक निरोगी मनुष्य दगावला तर त्याचे सारे पुण्य मातीस मिळते. हे ज्यांच्या आयुष्यात अक्षरशः घडले, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांचे नाव मुंबईच्या परळ भागातील संस्थेमुळे अनेकांच्या कानावरून गेले असेल. पण त्या नावामागील माणसाची ओळख थोड्यांसच आहे. आणि आपल्या बडोद्याशी त्यांचा जो संबंध आला, तो तर बहुतेकांस ठाऊक नसावा.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी झाला. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. तेथे त्यांस एल्या मेचनिकॉफ यांच्यासारखा थोर गुरू लाभला. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंस गिळतात, हा शोध लावून पुढे १९०८ साली ज्यांनी नोबेल पारितोषिक मिळविले, तेच हे मेचनिकॉफ. परंतु त्या काळी रशियात ज्यू लोकांवर वारंवार हल्ले होत. १८८१ च्या सुमारास आपल्या वस्तीचे रक्षण करण्यासाठी तरुण हाफकिन पुढे झाले व त्यापायी त्यांस तुरुंगवास घडला. शिक्षण पुरे झाल्यावर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्यास धर्मांतर केले असते तर मार्ग मोकळा होता. ते त्यांनी केले नाही. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम करीत त्यांनी काही वर्षे काढली आणि १८८८ साली देश सोडला.

काही काळ जिनीव्हा येथे काढून १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. मेचनिकॉफ तेथे आधीच येऊन राहिले होते. परंतु संशोधकाची जागा रिकामी नव्हती. तेव्हा ग्रंथपालाच्या मदतनिसाची जागा त्यांनी पत्करली. दिवसा पुस्तके लावावयाची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात जंतूंचा अभ्यास करावयाचा, असा त्यांचा क्रम होता. या कोपऱ्यातच त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली.

पटकी म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांस सांगावे लागेल. जुन्या लोकांनी जिला महामारी म्हटले, जिच्या भयाने गावोगाव मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढला जाई, तीच ही. सकाळी धडधाकट असलेला मनुष्य संध्याकाळी तिरडीवर दिसे. हाफकिन यांनी पटकीचे जंतू एकामागून एक गिनिपिगांच्या शरीरातून नेऊन अत्यंत जहाल केले. तेच जंतू दुसऱ्या रीतीने, उष्णतेत व हवेच्या प्रवाहात वाढवून सौम्य केले. प्रथम सौम्य लस टोचावयाची व काही दिवसांनी जहाल, अशी त्यांची पद्धती होती. १८ जुलै १८९२ रोजी ही लस त्यांनी सर्वांत आधी स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि ते बरे झाले. त्यानंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनी ती घेतली.

परंतु पॅरिसमध्ये ठरलेली गोष्ट पटकीच्या घरात सिद्ध व्हावयास हवी होती. रशियाने त्यांस नकार दिला. तेव्हा पॅरिसमधील इंग्रज वकील लॉर्ड डफरिन, जे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते, त्यांनी हिंदुस्थानात जाण्याचे सुचविले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. वय तेहतीस, वैद्यकाची पदवी जवळ नाही, देशाच्या भाषा येत नाहीत, आणि सरकारी वैद्यखात्यातील पुष्कळ अधिकाऱ्यांच्या मनात या परकी प्राणिशास्त्रज्ञाविषयी आढी. अशा स्थितीत त्यांनी कामास आरंभ केला.

लोकांची शंकाही काही कमी नव्हती, आणि ती अकारण होती असे आम्हांस वाटत नाही. रोग्यास औषध देणे सोपे असते, कारण दुखणे स्वतःच औषध मागते. पण ज्यास काहीही होत नाही, अशा माणसाच्या अंगात सुई खुपसून त्यास दोन दिवस तापाने निजवावयाचे, आणि हे तुझ्या भल्यासाठी आहे असे सांगावयाचे, तर तो विश्वास तरी का ठेवील? हाफकिन यांजपाशी यावर दोनच उपाय होते. पहिला, सक्ती न करता राजीखुशीने येईल त्यासच टोचणे. दुसरा, लोकांच्या डोळ्यांदेखत आधी स्वतःच्या माणसांस टोचणे. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या बंगाली डॉक्टरांनी वस्त्यांतून लोकांसमोर लस घेतली, तेव्हा कोठे लोक पुढे येऊ लागले.

कलकत्त्याच्या काटल बागान या गरीब वस्तीत १८९४ च्या मार्चमध्ये पटकीचा शिरकाव झाला. सुमारे दोनशे वस्तीपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर तेथे जे नवे रुग्ण झाले ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते. त्यांतील सात दगावले. दोन-सव्वादोन वर्षांत हाफकिन यांनी सुमारे ४२ हजार लोकांस लस टोचली. या भ्रमंतीत हिवतापाने ते इतके खंगले, की १८९५ साली त्यांस युरोपास परत जावे लागले. परंतु पुढच्याच वर्षी ते पुन्हा आले.

येथून आपल्या मुलखाची कथा सुरू होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात लोक विचित्र तापाने मरू लागले. काखेत व जांघेत गाठी येत. हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग होय, हे प्रथम ओळखून जाहीरपणे सांगणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. त्यांचे निदान खरे ठरले आणि मुंबई रिकामी होऊ लागली. आगगाड्या भरभरून लोक गावी निघाले, आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला.

सरकारने हाफकिन यांस मुंबईस बोलाविले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक लहानशी खोली व पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. काम असे अखंड चाले की मदतनीस टिकेनात. लसीची युक्ती मात्र मोठी मनोवेधक होती. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागतो. येथील लोकांच्या भावना ध्यानी घेऊन त्यांनी गाय व डुक्कर दोन्ही वर्ज्य केली आणि बकऱ्याच्या मांसाचा रस घेतला. त्या रसावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. थेंबांखाली जंतूंची वाढ होऊन ती, गुहेच्या छतास चुन्याचे सुळके लोंबावेत, तशी खाली उतरू लागली. भांडे हलविले की सुळके तुटून तळाशी बसत आणि वर नवे येत. असे काही आठवडे वाढवून तो रस तासभर तापवावयाचा, म्हणजे जंतू मरतात, आणि त्यांच्या मृत देहांपासून शरीर मात्र प्रतिकार शिकते. आपल्या घरातील तूप अशा कामी आले, हे वाचून आमच्याप्रमाणेच वाचकांसही कौतुक वाटेल.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तीही प्रथम स्वतःच्याच अंगात घेतली, आणि पुढे लोकांस जी मात्रा देण्यात येई तिच्या जवळजवळ चौपट घेतली. ताप भरला, वेदना झाल्या, पण काम थांबले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांस लस घ्यावयाची की नाही, हे त्यांच्या मर्जीवर सोडण्यात आले. जवळजवळ निम्मे पुढे झाले. एकाच भिंतीच्या आत, एकच अन्न खाणारी ही माणसे होती. न टोचलेल्यांपैकी बारा जणांस प्लेग झाला व सहा मेले. टोचलेल्यांपैकी दोघांस झाला व दोघेही वाचले.

त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण येथे प्लेगने कहर केला. तेथे २,१९७ लोकांनी लस घेतली, त्यांतील ३६ मृत्यू पावले. ६,०३३ लोकांनी घेतली नाही, त्यांतील १,४८२ मृत्यू पावले. म्हणजे शंभरांत दीड-पावणेदोन एकीकडे आणि जवळजवळ पंचवीस दुसरीकडे. हे आकडे वाचताना मन थबकते. पंचवीस जणांमागे एक नवस फेडावयाचा म्हटला, तरी दमणच्या देवळांस किती नारळ लागले असते!

आता आपल्या बडोद्याजवळचा प्रसंग. भायखळा व दमण येथील आकड्यांवर एक आक्षेप राहत होता. जे लस घेण्यास आपण होऊन आले, ते कदाचित अधिक सावध, अधिक स्वच्छ, अधिक सुखवस्तू असतील. मग लसीचा गुण कोणता आणि त्यांच्या राहणीचा कोणता? हा आक्षेप खोडण्यासाठी फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन व त्यांचे सहकारी डॉक्टर बॅनरमन हे गायकवाड सरकारच्या राज्यातील उंडेरा या गावी आले. गावात प्लेग सुरू झालेला होता. त्यांनी घरोघरची माणसे एकत्र बोलाविली आणि प्रत्येक घरातील जवळजवळ निम्म्या माणसांस लस टोचली. एकाच चुलीवर जेवणारे, एकाच छपराखाली निजणारे, एकाच पाण्याचे धनी. त्यांत एक टोचलेला, एक न टोचलेला.

सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा घरोघर जाऊन चौकशी करण्यात आली. अठ्ठावीस घरांत प्लेग शिरला होता. या घरांतील टोचलेली माणसे ७१. त्यांपैकी आठ आजारी पडली व तीन मेली. न टोचलेली ६४. त्यांपैकी सत्तावीस आजारी पडली आणि सव्वीस मेली. आजच्या काळी असा प्रयोग करावयाचा झाल्यास कोणास टोचावे व कोणास वगळावे यावर मोठा विचार होईल, आणि तो व्हावयासही हवा. परंतु त्या दिवशी कोणासही खात्रीने काही ठाऊक नव्हते. उंडेऱ्याच्या त्या अठ्ठावीस घरांनी जे सोसले, त्यातून पुढच्या लाखो घरांस खात्री मिळाली. त्या सव्वीस माणसांची नावे आपल्यापाशी नाहीत. पण बडोदेकरांनी त्यांचे ऋण मानावयास हवे.

याच काळात रोगावर इलाज करण्याचे प्रयत्नही चालू होते, हे सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे शोधून काढणारे अलेक्झांडर येर्सिन हे १८९७ साली स्वतः मुंबईस आले. घोड्याच्या रक्तापासून केलेला प्रतिविषाचा रस आजारी माणसास टोचून त्यास बरे करावे, असा त्यांचा हेतू होता. हेतू थोर होता, पण यश आले नाही. रोग अंगात भिनल्यावर त्या रसाची मात्रा फारशी चालेना. हाफकिन यांची लस आजारी माणसास कवडीइतकीही उपयोगी नव्हती, आणि तिची शक्तीही काही महिनेच टिके. परंतु निरोग्यास ती वाचवी. रोग्यास बरे करणारे खरे औषध हाती येण्यास पुढे जवळजवळ अर्धशतक जावे लागले. ते येईपर्यंत माणसापुढे दोनच वाटा होत्या : रोगापूर्वी सावध होणे, किंवा रोगानंतर रडणे.

सावधगिरीचीही एक वाईट तऱ्हा असते. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी जे घडले, ते मराठी माणूस विसरलेला नाही. सोजीर घराघरांत शिरले, देवघरे व माजघरे धुंडाळली गेली, माणसे ओढून नेली गेली. त्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँड साहेबांवर चापेकरांनी झाडलेल्या गोळ्यांत झाला. त्याच वर्षी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने निवर्तल्या. एकाच शहरात, एकाच वसंत ऋतूत, एकीकडे सक्ती आणि दुसरीकडे सेवा. हाफकिन यांचा मार्ग सक्तीचा नव्हता. तरीही लोकांच्या मनात सरकारची सुई आणि सरकारचा सोजीर यांची एकच मोट बांधली गेली. लसीने पौरुष जाते, धर्म बुडतो, अशा नाना वावड्या उठल्या. ज्याने लोकांच्या भावनेस जपून रस निवडला, त्यास दुसऱ्यांच्या दंडेलीचे फळ भोगावे लागले.

तथापि मोठ्या लोकांपैकी काही पाठीशी उभे राहिले. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी तरुण वयात आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, हजारो खोजांस ती घ्यावयास लाविली आणि आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेस दिला. धर्मगुरूने स्वतःचा दंड उघडा केला की शंभर व्याख्यानांचे काम होते, हे आमच्या घराण्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. हुबळी-धारवाडाकडेही १८९८ साली हजारोंच्या संख्येने लोकांनी लस घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधनशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. एका पडवीत आरंभिलेले काम तीन वर्षांत राजवाड्यात आले.

मनुष्याचा उत्कर्ष शिखरास पोचला की दैव कोठे टपून बसलेले असते, याचा नेम नाही. १९०२ साली पंजाबात प्लेग भडकला व तेथून लसीची अपार मागणी आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या खेड्यात, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ माणसांस लस टोचण्यात आली. आठवडाभरात त्यांतील एकोणीस जणांस धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही मेले. सर्वांस एकाच बाटलीतील लस दिली गेली होती; इतर बाटल्यांच्या लसीने कोणास काही झाले नाही.

चौकशी बसली. लस लवकर व अधिक प्रमाणात व्हावी म्हणून हाफकिन यांनी कृतीत काही बदल केला होता. तीत पूर्वी घालण्यात येणारे कार्बोलिक आम्ल त्यांनी गाळले होते. तेवढ्यावर बोट ठेवून, बाटली परळ येथेच दूषित झाली असावी, असा चौकशी मंडळाचा कल झाला. हाफकिन यांस प्रमुखपदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ साली ते देश सोडून गेले. ज्या हाताने हजारो वाचविले, तो हात एकोणीस जणांच्या मरणाचा धनी ठरला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. ती एकोणीस माणसे निरोगी होती. आपल्या पायांनी चालत आली होती. त्यांच्या घरच्यांस, ही लस घेऊन पंजाबात किती वाचले, हे सांगून काय समाधान होणार? त्यांचा आक्रोश खरा होता, आणि चौकशी होणे योग्यच होते. परंतु चौकशी म्हणजे न्याय नव्हे, हेही तितकेच खरे.

पुराव्याकडे पाहिले असता वेगळेच दिसत होते. ती बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरतेपणी निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते बाटलीत कित्येक आठवडे वाढत असते तर रसास दुर्गंधी सुटली असती. बाटली उघडताना तशी दुर्गंधी कोणास आली नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेतही या पुराव्याची फेरतपासणी झाली. परंतु ही सर्व हकिकत लोकांपुढे येण्यास वर्षे लागली. ज्या माणसाचा नैतिक धीर हाफकिन यांस सर्वांत उपयोगी पडला, ते रोनाल्ड रॉस. हिवताप डासांमुळे पसरतो हे हिंदुस्थानात सिद्ध करून त्यांनी १९०२ सालचे नोबेल पारितोषिक मिळविले होते. त्यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांची बाजू मांडणारे पत्र छापविले. अखेर १९०७ सालीच सरकारने त्यांस पुन्हा कामावर बोलाविले.

हाफकिन परत आले. पण परळची जागा भरली गेली होती. त्यांस कलकत्त्यास नेमण्यात आले आणि लस करण्याच्या व टोचण्याच्या मोठ्या कामापासून ते दूरच राहिले. पाच वर्षांचा कलंक पुसला गेला, तरी त्या पाच वर्षांत गेलेली उमेद परत आली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपास गेले. लग्न त्यांनी केलेच नव्हते. उत्तर आयुष्यात त्यांचे मन आपल्या धर्माकडे अधिकाधिक वळले. आचारविचार सांभाळून राहण्याची थोरवी सांगणारा निबंधही त्यांनी लिहिला. जन्मभर सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या डोळ्यांस देव परका झाला नाही, हे आमच्या वाचकांस सांगावेसे वाटते. आपली पुंजी त्यांनी ज्यू धर्मशाळांतील मुलांच्या शिक्षणासाठी ठेविली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मरणापूर्वी एक समाधान मात्र त्यांस लाभले. १९२५ साली परळच्या संस्थेस हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. १८९७ पासून त्या वर्षापर्यंत मुंबईहून प्लेगच्या लसीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीटही काढले.

आज प्लेगवर अँटिबायोटिक औषधे आहेत, आणि वेळेवर मिळाल्यास रोगी बहुधा वाचतो. म्हणून ती जुनी लस आता सर्वसामान्यांस टोचली जात नाही. इलाज पुढे गेला, ही आनंदाचीच गोष्ट होय. इलाज व प्रतिबंध हे एकमेकांचे वैरी नव्हेत. ते एकाच गाड्याचे दोन बैल आहेत. परंतु पहिल्याच्या बळावर दुसऱ्यास सोडून देण्याचा मोह मात्र होतो. १९९४ साली सुरतेत प्लेगची वार्ता उठली, तेव्हा औषधे असूनही लाखो लोकांनी शहर सोडले; आणि त्यानंतर सुरत सावरली ती दवाखान्यांपेक्षा गटारे व कचरा साफ करणाऱ्या झाडूने. २०२० साली मंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा गाभाऱ्यात एकट्याने पूजा करणाऱ्या वडिलांस बाहेर उभे राहून पाहताना आम्हांस प्रथम कळले, की रोगास दाराबाहेर ठेवणे म्हणजे काय आणि त्याची किंमत किती असते.

हाफकिन यांच्या चरित्रातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. रोगापूर्वीचा उपाय लोकांच्या विश्वासावर चालतो, आणि विश्वास सक्तीने मिळत नाही. तो आधी स्वतःस सुई टोचून मिळवावा लागतो. आणि दुसरी अशी, की ज्याचे काम यशस्वी झाले म्हणजे काहीच घडत नाही, त्याच्या चुकीची चौकशी करताना समाजाने दुप्पट काळजी घ्यावयास हवी. कारण त्याच्या बाजूने साक्ष देण्यास जी लाखो माणसे आहेत, त्यांस आपण वाचलो हेच ठाऊक नसते.

पुढच्या वेळी घरातील तान्ह्यास लस टोचून आणाल, किंवा पावसाळ्यापूर्वी अंगणातील डबके बुजवाल, तेव्हा देवापुढे एक फूल अधिक वाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे. ते फूल न आलेल्या दुखण्याचे. उंडेऱ्याच्या त्या नावे नसलेल्या माणसांचेही त्यात स्मरण होईल.